रिटेल मॅनेजमेंट की बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन : अमेरिकी कम्युनिटी कॉलेजातील दोन पदव्या

अमेरिकेतील अनेक कम्युनिटी कॉलेजांच्या माहितीपुस्तिकेत व्यवसायशाखेखाली दोन पदव्या शेजारी शेजारी छापलेल्या असतात : एक बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनची आणि दुसरी रिटेल मॅनेजमेंटची. दोन्ही असोसिएट पातळीच्या, म्हणजे चार वर्षांच्या बॅचलर पदवीच्या खालच्या, दोन्हींना साधारण ६० क्रेडिट (अभ्यास मोजण्याचे एकक) लागतात, दोन्हींचे प्रतिक्रेडिट शुल्क एकच असते आणि पूर्णवेळ शिकणाऱ्याला त्या दोन वर्षांत पुऱ्या करता येतात. काही विषयही समान असल्यामुळे पहिल्या सत्रात दोन्हींकडचे विद्यार्थी एकाच वर्गात बसलेले दिसतात. मी कॅलिफोर्नियातील एका कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गांना बसून दोन्हींकडचे विषय शिकले आहे. शिकवण्याची गुणवत्ता रिटेलच्या वर्गांत अधिक आहे, परंतु पुढच्या शिक्षणाच्या दारात मोल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनच्या पदवीलाच मिळते, असे माझे मत झाले आहे. म्हणून ज्याला जमेल त्याने पदवी बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनची घ्यावी आणि रिटेलचे विषय प्रमाणपत्राच्या रूपाने तिच्या जोडीला घ्यावेत. हे मत कशावरून बनले ते पुढे मांडते.

या संस्थांचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर इलिनॉय राज्यातील जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ मध्ये सुरू झाले आणि आजही चालू असलेल्या सार्वजनिक द्विवर्षीय कॉलेजांत ते सर्वांत जुने मानले जाते. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले ते राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्चशिक्षण आयोगाच्या १९४७ च्या अहवालानंतर. घराजवळ, कमी खर्चात आणि प्रवेशपरीक्षेच्या अडथळ्यावाचून शिक्षण, ही तेव्हाची कल्पना बऱ्याच अंशी आजही टिकून आहे.

शुल्काची बाजू या शिक्षणाची सर्वांत भक्कम बाजू आहे. देशभराची सरासरी पाहिली तर स्थानिक रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजचे वर्षाचे शिक्षणशुल्क सुमारे ४,००० डॉलर पडते, तर चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठात त्याच राज्यातील विद्यार्थ्याला ११,००० डॉलरहून अधिक मोजावे लागतात. कॅलिफोर्नियात तर रहिवाशांसाठी हे शुल्क २०१२ पासून प्रतियुनिट (क्रेडिटला तिथे युनिट म्हणतात) ४६ डॉलर आहे. म्हणजे ६० युनिटांची संपूर्ण पदवी २,७६० डॉलर शिक्षणशुल्कात होते, आणि आर्थिक गरज दाखवता आली तर तेही माफ होते. टेनेसी राज्याने २०१५ पासून नुकत्याच शाळा संपवलेल्या मुलांना कम्युनिटी कॉलेजचे शिक्षणशुल्क पडू नये अशी योजना चालवली, आणि नंतर अनेक राज्ये त्याच वाटेने गेली. इतक्या पैशांत हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र आणि व्यवसायकायदा पदवीच्या पातळीवर शिकवणारी दुसरी व्यवस्था मला त्या देशात दिसली नाही.

पाठ्यपुस्तकांचा खर्च मात्र जाहिरातीत दिसत नाही. हिशेबशास्त्राचे एखादे छापील पुस्तक आणि त्याच्याबरोबर सक्तीने घ्यावा लागणारा ऑनलाइन गृहपाठाचा कोड यांची किंमत कधी कधी त्या विषयाच्या शुल्काहूनही अधिक होते, आणि तो कोड पुढच्या विद्यार्थ्याला विकताही येत नाही. यावरचा उपाय व्यवसायशाखेतूनच आला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. व्हर्जिनियातील टाइडवॉटर कम्युनिटी कॉलेजने २०१३ मध्ये बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनची असोसिएट पदवी पाठ्यपुस्तकांच्या खर्चावाचून पुरी करता येईल अशी रचना केली, आणि तिचे अनुकरण पुढे ठिकठिकाणी झाले. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स उपक्रमाची हिशेबशास्त्राची व अर्थशास्त्राची पुस्तके आता अनेक प्राध्यापक वापरतात आणि ती ऑनलाइन फुकट वाचता येतात. विषयांच्या वेळापत्रकात शून्य पुस्तकखर्चाची खूण असलेले वर्ग वेगळे दाखवलेले असतात. एकच विषय दोन प्राध्यापक शिकवत असतील तर नाव नोंदवण्यापूर्वी ही खूण अवश्य पाहावी.

आता रिटेलच्या वर्गांकडे वळते, कारण मनापासून कौतुक करावे असे पुष्कळ तिथे आहे. हे विषय बहुधा अर्धवेळ प्राध्यापक शिकवतात. त्यांच्यातील बरेचजण दुकानाचे व्यवस्थापक, खरेदी अधिकारी किंवा विभागीय प्रमुख म्हणून वर्षानुवर्षे काम केलेले किंवा अजूनही करत असलेले असतात. त्यामुळे किरकोळ विक्रीचे गणित तिथे सूत्र म्हणून येत नाही, ते निर्णय म्हणून येते. ६० डॉलरला घेतलेली वस्तू १०० डॉलरला विकली तर खरेदीच्या किमतीवर वाढ ६६.७ टक्के होते आणि विक्रीच्या किमतीवर मार्जिन ४० टक्के राहते. हा फरक पुस्तकात दोन ओळींत उरकलेला असतो. वर्गात मात्र पूर्ण एक संध्याकाळ त्यावर गेली, कारण पुरवठादार एका भाषेत बोलतो, मुख्य कार्यालय दुसऱ्या भाषेत बोलते आणि मधल्या माणसाने दोन्ही आकडे एकच समजले तर भाव ठरवतानाच तोटा पक्का होतो.

त्यानंतरचा 'ओपन टु बाय' हा भाग मला या संपूर्ण पदवीचा गाभा वाटतो. महिन्याची अपेक्षित विक्री, अपेक्षित मार्कडाउन (माल खपावा म्हणून भावात केलेली कपात) आणि महिनाअखेरीस हवा असलेला साठा यांची बेरीज करायची, तिच्यातून महिन्याच्या सुरुवातीचा साठा आणि आधीच मागवलेला माल वजा करायचा, म्हणजे खरेदी अधिकाऱ्याच्या हातात आणखी किती रकमेचा माल मागवण्याची मुभा उरली ते कळते. समजा, विक्री ८०,००० डॉलर, मार्कडाउन ५,०००, अखेरचा साठा १,२०,०००, सुरुवातीचा साठा १,३०,००० आणि मागवलेला माल ४५,००० असेल, तर मुभा उरते फक्त ३०,००० डॉलरची. हे गणित सहावीतल्या मुलालाही येईल. परंतु विक्रीचा अंदाज दहा टक्क्यांनी चुकला की ही मुभा २२,००० वर येते, आणि ऋतू संपता संपता उरलेला माल मार्कडाउन करून काढावा लागतो. असे आकडे बदलत बदलत आमच्याकडून संपूर्ण सत्राचे नियोजन करून घेतले गेले. साठ्यात अडकलेल्या प्रत्येक डॉलरमागे किती ढोबळ नफा मिळाला हे मोजण्याची रीतही त्याच ओघात आली. भरपूर मार्जिन असलेली पण सावकाश खपणारी वस्तू कमी मार्जिनच्या पण भराभर खपणाऱ्या वस्तूपेक्षा दुकानाला महाग कशी पडते, हे मला तिथे पहिल्यांदा आकड्यांत दिसले.

मालाच्या घटीचा, म्हणजे ज्याला तिथे सगळे 'श्रिंक' म्हणतात त्याचा, विषयही असाच तपशिलात शिकवला गेला. नॅशनल रिटेल फेडरेशनच्या पाहणीनुसार २०२२ च्या आर्थिक वर्षात अमेरिकी किरकोळ विक्रीतील सरासरी घट विक्रीच्या १.६ टक्के होती आणि तिची रक्कम ११२.१ अब्ज डॉलर भरली. सुमारे दोन तृतीयांश घट बाहेरच्या आणि आतल्या चोऱ्यांमुळे झाली होती, तर एक चतुर्थांशाहून किंचित अधिक घट केवळ कामातील ढिलाईची होती : चुकीचे लेबल, न मोजता उतरवून घेतलेला माल, परत आलेल्या वस्तूची न झालेली नोंद. आमच्या प्राध्यापकांनी भर दिला तो या शेवटच्या हिश्श्यावर, कारण शाखा व्यवस्थापकाच्या हातात सर्वांत अधिक तेच असते. चोराला पकडण्याच्या कथा विद्यार्थ्यांना आवडतात हे ठाऊक असूनही त्यांनी गोदामाच्या दारातील मोजणीवर तास खर्च केला, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. बारकोडचा इतिहासही याच संदर्भात आला. २६ जून १९७४ रोजी ओहायोतील ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंग गमचे पाकीट पहिल्यांदा स्कॅन झाले. प्रत्येक वस्तूची स्वतंत्र विक्रीनोंद ठेवणे शक्य झाले ते त्या व्यवस्थेमुळे, आणि आजचे साठ्याचे सगळे गणित तिच्यावर उभे आहे.

याच्या तुलनेत मालाच्या मांडणीचा वर्ग कमकुवत होता. प्लॅनोग्राम, म्हणजे शेल्फवर कोणता माल कुठे ठेवायचा त्याचा आराखडा, कसा असतो, शेल्फची कोणती उंची अधिक विकते, हे सांगितले गेले. परंतु मांडणीचे सॉफ्टवेअर हाताळायला मिळाले नाही. ऑनलाइन विक्रीलाही एकच प्रकरण होते. दुकानातून घरपोच पाठवणे आणि ऑनलाइन मागवून दुकानातून नेणे हे आता शाखेच्या रोजच्या कामातच मोडत असताना अभ्यासक्रम त्या मानाने मागे आहे. अभ्यासक्रमात बदल करायचा तर प्राध्यापकांच्या समितीपासून राज्यस्तरापर्यंत मंजुऱ्या घ्याव्या लागतात, त्यात वेळ जातो, हे मान्य केले तरी विद्यार्थ्याची त्यात गैरसोय होतेच.

पश्चिमेकडील राज्यांत एक चांगली सोय आहे. वेस्टर्न असोसिएशन ऑफ फूड चेन्स या किराणा साखळ्यांच्या संघटनेने कम्युनिटी कॉलेजांबरोबर आखलेले रिटेल मॅनेजमेंटचे प्रमाणपत्र तिथल्या अनेक कॉलेजांत मिळते. व्यवसायातील संवाद, हिशेब, मनुष्यबळ, विपणन, नेतृत्व आणि किरकोळ विक्री असे विषय त्यात येतात, आणि त्यातील बरेचसे पदवीतही मोजले जातात. ही गुंफण विद्यार्थ्याच्या हिताची आहे. ज्याला नोकरी करता करता वर्षाला दोन-तीनच विषय झेपतात, त्याला पदवीच्या आधीच हातात ठेवता येईल असे काहीतरी मिळते.

बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनच्या बाजूला दोन हिशेबशास्त्रे, सूक्ष्म आणि समग्र अर्थशास्त्र, व्यवसायकायदा आणि सांख्यिकी किंवा कॅल्क्युलससारखा गणिताचा विषय असतो. वर्ग मोठे, शिकवणे पुस्तकाला धरून आणि परीक्षा बव्हंशी बहुपर्यायी. व्यवसायकायद्याचा वर्ग याला सुखद अपवाद होता, कारण तिथे खटल्यांचे सारांश लिहावे लागत. बाकी वर्ग नीटनेटके होते, पण लक्षात राहावेत असे नव्हते. तरीही हीच पदवी घ्या असे मी म्हणते. याचे कारण ट्रान्सफर, म्हणजे इथले क्रेडिट घेऊन चार वर्षांच्या विद्यापीठात पुढे जाणे.

कम्युनिटी कॉलेजात पाऊल ठेवणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना पुढे चार वर्षांची पदवी घ्यायची असते. प्रत्यक्षात सुमारे एक तृतीयांशच विद्यापीठात ट्रान्सफर होतात आणि सहा वर्षांत बॅचलर पदवीपर्यंत पोहोचणारे त्याहूनही पुष्कळ कमी. पैसा, नोकरी, कुटुंब अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. परंतु मोठे आणि टाळता येण्यासारखे कारण आहे ते क्रेडिट वाया जाण्याचे. असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स या प्रकारची पदवी थेट नोकरीसाठी आखलेली असते आणि अनेक राज्यांत रिटेल मॅनेजमेंटची पदवी याच प्रकारात मोडते. तिच्यातील रिटेलचे विषय विद्यापीठे बहुधा ऐच्छिक म्हणून घेतात किंवा घेतच नाहीत. म्हणजे ज्या वर्गांत विद्यार्थी सर्वांत अधिक शिकला, तेच वर्ग पुढे मोजले जात नाहीत. मला ही व्यवस्था अन्यायाची वाटते. ओपन टु बायचे नियोजन समजलेला विद्यार्थी विद्यापीठातील तिसऱ्या वर्षाच्या विपणनाच्या वर्गात कुठेही कमी पडणार नाही.

कॅलिफोर्नियाने यावर २०१० च्या कायद्याने निम्मा तोडगा काढला. असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर ही पदवी ठरलेल्या आराखड्याप्रमाणे पुरी केली तर कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत प्रवेशाची हमी मिळते, विद्यार्थी तिसऱ्या वर्षात बसतो आणि संबंधित शाखेची बॅचलर पदवी आणखी ६० युनिटांत होते. हमी व्यवस्थेतील प्रवेशाची आहे, मनासारख्या संकुलाची नाही, हे मात्र नीट समजून घ्यावे. अशी पदवी बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये मिळते, रिटेल मॅनेजमेंटला तसा आराखडा नाही. दुसरा तोडगा वॉशिंग्टनसारख्या राज्यांनी काढला. तिथली कम्युनिटी कॉलेजे स्वतःच बॅचलर ऑफ अप्लाइड सायन्स ही पदवी देतात, आणि उपयोजित व्यवस्थापनातील त्या पदवीला नोकरीसाठी आखलेली असोसिएट पदवी पाया म्हणून चालते. फ्लोरिडाने कम्युनिटी कॉलेजांना बॅचलर पदवी देण्याची मुभा २००१ मध्येच दिली होती. ज्या राज्यात असा मार्ग आहे तिथे रिटेलची पदवी घेण्याविरुद्धचा माझा आक्षेप बराच सौम्य होतो.

काउन्सेलिंगविषयी मला तक्रार नोंदवायची आहे. माझ्या कॉलेजात काउन्सेलर मनाने चांगले होते, पण भेटीला अर्धा तास मिळे आणि दर वेळी माणूस नवा असे. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एका मुलीने रिटेलची पदवी निवडली तेव्हा तिने पुढे विद्यापीठात जायचे आहे असे सांगितले होते, तरीही त्या पदवीतील कोणते विषय तिकडे मोजले जाणार नाहीत हे तिला कोणी दाखवले नाही. कॅलिफोर्नियात ही माहिती असिस्ट या सार्वजनिक संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते : आपले कॉलेज, हवे असलेले विद्यापीठ आणि शाखा निवडली की कोणता विषय कशाच्या बदल्यात धरला जातो त्याची जोडी समोर येते. तो कागद छापून भेटीला न्यावा, म्हणजे अर्धा तास नेमक्या प्रश्नांवर खर्च होतो.

मान्यतेचा मुद्दाही विचारून घ्यावा. संपूर्ण कॉलेजची संस्थात्मक मान्यता ही मूलभूत गोष्ट आहे. तिच्यावाचून क्रेडिटही हलत नाहीत आणि सरकारी आर्थिक मदतही मिळत नाही. व्यवसायशाखेची वेगळी मान्यता एसीबीएसपी ही संस्था असोसिएट पातळीवर देते, पण ती नसलेली चांगली कॉलेजेही पुष्कळ आहेत.

आपल्याकडून तिकडे गेलेल्या कुटुंबांना व्हिसाचा प्रश्न असतो, म्हणून त्याविषयी सांगते. एच-४ व्हिसावर, म्हणजे तिथे एच-१बी सारख्या व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला वा मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्या व्यक्तीला शिकायला वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. कॅलिफोर्नियात एच-४ धारकाला वर्षभराच्या वास्तव्यानंतर आणि तिथेच राहण्याचा हेतू कागदोपत्री दाखवल्यानंतर रहिवाशाचे शुल्क लागू होऊ शकते. अनिवासी विद्यार्थ्याला प्रतियुनिट कित्येक पट रक्कम भरावी लागते, त्यामुळे हा एक अर्ज हजारो डॉलर वाचवतो. नोकरीची परवानगी मात्र पदवीने मिळत नाही. २०१५ पासून ती काही ठरावीक एच-४ धारकांनाच, जोडीदाराच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया विशिष्ट टप्प्यावर पोहोचल्यावर मिळते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याला सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात आणि पूर्ण अनिवासी शुल्क भरावे लागते. असोसिएट पदवीनंतर १२ महिन्यांच्या प्रशिक्षणात्मक नोकरीची मुभा मिळते आणि पुढे बॅचलर केल्यावर ती पुन्हा मिळते. एच-४ आणि एफ-१ या दोघांनाही केंद्र सरकारचे पेल अनुदान (गरजू विद्यार्थ्यांसाठीची मदत) मिळत नाही. एवढे सगळे पाहता, केवळ रिटेलच्या असोसिएट पदवीसाठी भारतातून एफ-१ वर जाण्याचा सल्ला मी देणार नाही. आधीच तिथे राहत असलेल्या व्यक्तीसाठी हे शिक्षण उत्तम आहे.

जे आधीच दुकानात काम करतात त्यांनी नोंदणीपूर्वी आपल्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे चौकशी करावी. वॉलमार्टने २०१८ पासून, टार्गेटने २०२१ पासून कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या योजना सुरू केल्या, आणि ॲमेझॉनची तशी योजना २०१२ पासून आहे. या योजनांत कॉलेज आणि अभ्यासक्रम कंपनीने ठरवलेल्या यादीतले असावे लागतात. घराजवळचे कॉलेज त्या यादीत नसेल तर फायदा मिळत नाही. अमेरिकेत किरकोळ विक्रीत दीड कोटीहून अधिक माणसे काम करतात आणि शाखा व्यवस्थापकाच्या जागा आतून बढतीनेही भरल्या जातात, त्यामुळे बाहेरून पदवी घेऊन आलेल्यापेक्षा आत काम करता करता पदवी घेणाऱ्याला तिचा उपयोग लवकर होतो.

विषयांच्या क्रमाविषयी शेवटचे. मुले आणि नोकरी सांभाळून शिकणारे बहुतेकजण गणित मागे ठेवतात आणि हलके वाटणारे विषय आधी उरकतात. व्यवसायशाखेत हे महागात पडते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या बर्कली, अर्वाइन, रिव्हरसाइड या संकुलांना बिझनेससाठी कॅल्क्युलस लागते. ते राहिले तर बाकी सगळे पुरे असूनही ट्रान्सफरचा अर्ज एक वर्ष पुढे जाऊ शकतो. कॅलिफोर्नियात २०१७ च्या कायद्यानंतर पूर्वतयारीच्या गणिताच्या लांब साखळीत विद्यार्थ्यांना अडकवण्याचे प्रमाण पुष्कळ कमी झाले आहे आणि कॉलेजपातळीच्या गणिताला जोडून मदतीचा तास घेता येतो. तेव्हा गणित आणि पहिले हिशेबशास्त्र पहिल्या वर्षातच घ्यावे, आणि रिटेलचे विषय दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावेत. हिशेबशास्त्र शिकून झाल्यावर त्या वर्गांतले साठ्याचे आणि मार्जिनचे गणित कितीतरी अधिक कळते.